नाही म्हणायची सोय

यंत्रयुगाबद्दल चार शब्द वाकडे लिहिले की पहिला प्रश्न घरातूनच येतो. "मग काकू, हे लिहिता कशावर? पाटीवर?" पुतण्याचा हा विनोद आता मला पाठ झालाय. गांधीजींनाही लोक हेच ऐकवत : रेल्वेला नावं ठेवता आणि हिंडता रेल्वेनेच! म्हणजे संगत चांगली आहे. :-)

पण हा युक्तिवाद मला लबाड वाटतो. गावाला जायचे बाकी सगळे रस्ते बुजवायचे, आणि उरलेल्या रस्त्याने कुणी गेलं की म्हणायचं, बघा, आवडला की नाही! यंत्र असावं की नसावं हा वादच नाही. त्याला नाही म्हणता येतं का, हा आहे.

'हिंद स्वराज' गांधीजींनी नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलं. उजवा हात थकला की डाव्या हाताने. रेल्वे, वकील, डॉक्टर, कुणालाच सोडलं नाही. लोक त्याला 'थोर पण अव्यवहार्य' म्हणून बाजूला ठेवतात. पण याच माणसाने शिवणयंत्राची तोंडभरून स्तुती केली आहे, ते कुणी सांगत नाही. मला त्यामागचं कारण उघड दिसतं. शिवणयंत्र बाईच्या हातात राहतं, बाई त्याच्या हातात जात नाही.

पुढे इव्हान इलिच नावाच्या विद्वानाने (जन्म व्हिएन्नाचा, काही वर्षं कॅथलिक धर्मगुरू होता) हाच धागा धरून अमेरिकन माणसाच्या मोटारीचा हिशेब मांडला. पुस्तक 'एनर्जी अँड इक्विटी', साल १९७४. मोटार चालवण्यात, तिच्यापायी खोळंबण्यात, आणि तिचे हप्ते, पेट्रोल, विमा, कर, दंड भरण्यापुरते पैसे कमावण्यात, मिळून वर्षाला १६०० तास जातात. कापलेलं अंतर ७५०० मैल. करा भागाकार. ताशी पाच मैलसुद्धा पडत नाहीत! (वर्गात हे गणित घातलं असतं तर उत्तर चुकलं म्हणून पोरांनी पुन्हा केलं असतं.)

तरी मोटार टाकता येत नाही. मोटारी आल्या की दुकानं लांब जातात, शाळा लांब जाते, पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडता येत नाही. इलिच याला मूलगामी मक्तेदारी म्हणतो. एकाच कंपनीचा माल घ्यावा लागणं ही साधी मक्तेदारी. चालणं हा पर्यायच पुसला जाणं ही मूलगामी. कुणी कायदा केला नाही, आणि पाय मात्र निकामी ठरले.

मोटारीला जे जमायला दोन पिढ्या लागल्या, ते आपल्याकडे फोनने आणि अंगठ्याच्या यंत्राने दहा-बारा वर्षांत जमवलं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला घ्या. २०१४ पासून तो डिजिटलही देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांची त्याने खरोखर सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण आमच्या बँकेत काउंटरवरची मुलगी माझा कागद हातात घ्यायलाच तयार होईना. माझीच विद्यार्थिनी! "बाई, बसा" म्हणाली, पाणी दिलं, घरची चौकशी केली आणि अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. पस्तीस वर्षं खडू धरला, त्याहून जास्त वर्षं भांडी घासली. ठसे राहिलेत कुठे? दहाही बोटं झाली. जुळेना. मी म्हटलं, अगं, मी तुझ्यासमोर जिवंत बसलेय ना? तर म्हणते, "मला दिसतंय हो बाई, पण सिस्टीम घेत नाही."

मला राग तिचा नाही आला. तिचे डोळे, तिची ओळख, तिची सही, ज्यांच्यावर इतकी वर्षं कारभार चालला, त्यांची किंमत शून्य झाली याचा आला. पुतण्या म्हणतो, भ्रष्टाचार कमी झाला. झाला असेल. कारकुनाला लाच खाता यायची हे खरंच, पण कधीमधी त्याला दयाही करता यायची. आता ती करायची म्हटली तरी कुठलं बटण दाबायचं?

हाच इलिच जानेवारी १९७८ मध्ये आमच्या सेवाग्रामला आला होता. बापूकुटीत बसला, आणि नंतर बोलला ते त्या कुटीबद्दलच. सुखसोयी जमवत गेलं की माणूस त्यांचा ओशाळा होत जातो, असा त्याच्या बोलण्याचा रोख. सगळ्यांनी कुडाच्या घरात राहायला जा, असं मी म्हणत नाही. मागणी एवढीच : प्रत्येक खिडकीवर स्वतःच्या सहीने काम करू शकेल असा माणूस हवा, आणि फोन न बाळगणाऱ्याचं काम अडता कामा नये. तेही 'ज्येष्ठांसाठी सवलत' म्हणून नको. तिशीतल्या धडधाकट माणसालाही फोन नको असू शकतो.

दोन-दोन व्यवस्था चालवायला पैसा कुठून आणायचा, असं पुतण्याने विचारलंच. त्याला म्हटलं, आधी इलिचसारखा हिशेब मांड. ओटीपीची वाट बघण्यातले, विसरलेल्या पासवर्डमागचे, रिचार्जचे, आणि थोड्याथोड्या वर्षांनी नवा फोन घ्यायला जी नोकरी करतोस तिच्यातले तास धरून. अजून आकडा आलेला नाही.