दिसतें तसें नसतें

वैशाखांत वसईस आमच्या धाकट्या भाऊजींच्या मुलाची मुंज झाली. कार्यालय विरारचें, तेथील व्यवस्था भाऊजींकडे, आणि याद्या व निरोप मामंजींकडे. मामंजींचा उभा जन्म शाळेंत शुद्धलेखन शिकविण्यांत गेला. संगणकावरील संदेशाच्या चौकटींतहि ते काना-मात्रा चुकूं देत नाहींत. त्यांचा निरोप गेला, "सोबतची यादी आज आचार्यांना पोंचवावी." भाऊजींनीं ती मौंजीविधीच्या आचार्यांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशीं गुरुजींचा नम्र प्रश्न आला, "होमास पंधरा किलो तूप कशाला?" आचारी बिचारा तिकडे यादीची वाट पाहात बसला होता.

सारे हंसले, मामंजी मात्र हंसले नाहींत. "आतां मराठी लिहिणें माझ्या वयास झेपत नाहीं," एवढेंच म्हणाले, आणि रोमन अक्षरांत निरोप धाडूं लागले.

मला राहवेना. मीं त्यांना तोच शब्द पुन्हां लिहावयास बसविलें, तेव्हां उलगडा झाला. त्यांनीं प्रथम बरोबरच लिहिलें होतें! 'आचाऱ्यांना' मधील अर्ध्या 'र'साठीं निराळें चिन्ह आहे. इन्स्क्रिप्ट कळपट्टीवर 'र'ची कळ शिफ्टसह दाबली कीं खालीं टिंब असलेला 'ऱ' येतो. पुढें हलन्त, मग 'य'. हीं चिन्हें संगणक उच्चाराच्या क्रमानें सांठवितो. युनिकोड संकेतानें १९९१ सालापासून देवनागरी चिन्हांस ठराविक क्रमांक दिलेले आहेत. चिन्हें जोडून अक्षराचें चित्र काढणें हें मात्र निराळें काम. त्या चौकटींत लिहितांना ही जोडणी फसत होती. टिंब आणि हलन्त सुटे दिसत. मामंजींना वाटलें, आपलीच कळ चुकली. त्यांनीं शुद्ध शब्द खोडून साधा 'र' घातला. त्याचा रफार सुबक उमटला, आणि आचाऱ्याचे आचार्य झाले! पहिल्या वेलांटीचीहि गत अशीच. ती उच्चारांत व्यंजनामागून येते, पण चित्रांत आधीं काढावी लागते. जोडणी फसली कीं तिच्याशेजारीं ठिपक्यांचें पोकळ वर्तुळ दिसतें.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस एवढें अवश्य सांगावें. अक्षर मोडकें दिसलें तर लगेच खोडूं नये. तेंच वाक्य उचलून दुसऱ्या लेखनाच्या पानावर ठेवून पाहावें. तेथें नीट दिसलें तर दोष चौकटीचा समजावा. ती प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. तरीहि दोष राहिल्यास मोडक्या अक्षराचें चित्र तिच्या कर्त्यांकडे पाठवावें. रोमनचा आश्रय मात्र करूं नये. तेथें 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेदच उरत नाहीं.

दुसऱ्या पानावर आपला शब्द नीट उमटलेला मामंजी बराच वेळ पाहात राहिले. "म्हणजे मी बरोबर होतों," हळूच म्हणाले. सायंकाळीं भाऊजींना देवनागरींत निरोप गेला: "आचाऱ्यांचे राहिलेले पैसे उद्यां द्यावे."