मामाचं खोकं आणि ट्विटर

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. घडत काहीच नव्हतं असं नाही, पण कंटाळा... असो. गेल्या महिन्यात आमच्या घरात एका लाकडी खोक्यावरून जे महाभारत झालं, ते मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. नात्यातली मंडळी हे पान वाचतात हे मला माहीत आहे. मामासुद्धा वाचतो, म्हणजे मामी वाचून दाखवते. तेव्हा हे सगळं मी त्याच्या तोंडावरच बोलतोय असं समजा.

तर खोकं. माझा मामा नाशकात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. गणपतीत, लग्नाच्या रिसेप्शनला, सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या स्नेहसंमेलनात, आणि नशीब जोरावर असलं तर कालिदास कलामंदिरात. त्याच्या बेसचं कॅबिनेट त्याने स्वतः सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं आहे. अठरा एमएमचं प्लाय, पुढे काळी जाळी, आत पंधरा इंची एकच स्पीकर. उचलायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाची कंबर तरी धरतेच. घरात त्याला कॅबिनेट कोणी म्हणत नाही. 'मामाचं खोकं'.

आता माझा मामेभाऊ कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायला लागलाय. त्याला या खोक्यात ट्विटर बसवायचा आहे. (तो चिमणीवाला ट्विटर नव्हे, त्याचं तर २०२३ मध्ये बारसंही पुन्हा झालं. हा वरच्या पट्टीचा आवाज काढणारा छोटा स्पीकर.) म्हणजे खोक्याच्या पुढच्या फळीला करवतीने गोल भोक पाडायचं. हे ऐकल्यावर मामा म्हणाला, "बेसला ट्विटर? उद्या डग्ग्याला घुंगरं बांध!"

वाक्य झकास आहे. सगळे हसले, मीही हसलो. पण वाक्य झकास असलं म्हणजे खरं असतं असं नाही. माझं मत स्पष्ट आहे. बेसच्या कॅबिनेटला ट्विटर हवा. आणि तो नको म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना बेस कळलेला नाही, तर उरलेल्या निम्म्यांना ट्विटर.

मामाची बाजू आधी सांगतो, कारण ती अगदीच फुसकी नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला ४१ कंपनं होतात. सगळ्यात बारीक तार विसाव्या पडद्यावर दाबली तरी ३११ च्या आसपास. ट्विटर काम करतो तीन-चार हजारांच्या वर. मग त्याला इथे काम काय? शिवाय फेंडरने पहिला प्रिसिजन बेस काढला १९५१ साली. त्यानंतर कित्येक वर्षं लोक बिनट्विटरच्या डब्यांवरच वाजवत होते आणि जग चाललं होतं. अँपेगचं ते प्रसिद्ध आठ स्पीकरांचं फ्रिजएवढं कॅबिनेट १९६९ चं, त्याला ट्विटर नव्हता. मोटाउनचा जेम्स जॅमरसन गुळगुळीत तारा वर्षानुवर्षं बदलायचा नाही, म्हणजे वरची चकाकी त्याने मुद्दाम मारून टाकलेली, आणि त्याच्यासारखा बेस पुन्हा झाला नाही.

सगळं कबूल. पण जॅमरसनने काय टाकायचं ते स्वतः ठरवून टाकलं. आपल्याकडे ते टाकायचं की ठेवायचं हे सुतार ठरवतो, फरक इथे आहे.

आणि ते ४१ ते ३११ चं गणित म्हणजे अर्धं गणित आहे. तार कधी एकट्याने कंप पावते का? तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगितलं जातं. स्वयंभू गंधार! तो कोणी वाजवलेला नसतो, खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर त्याच तारेच्या पोटात असतो. तो बाहेर यावा म्हणून घोडी घासून जवारी काढायची, तारेखाली दोरा सरकवत बसायचं, हे मिरजेच्या कारागिरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामानेच ती बातमी मला पाठवली होती. मामा, खर्जाच्या तारेला जवारी लागते हे तुला पटतं, आणि बेसच्या तारेचे वरचे स्वर बाहेर यायला वाट हवी म्हटलं की तुला घुंगरं आठवतात?

यावर त्याने पखवाज काढला. डाव्या बाजूला कणीक कशाला थापतात, आवाज जड व्हावा म्हणूनच ना? हो. पण उजव्या बाजूला शाई असते, आणि दोन्ही तोंडं एकाच खोडाला असतात. ते सोड, आपल्या गावाच्या नावाने ज्याला सगळा देश ओळखतो तो ढोल घे. एका तोंडावर हाताची थाप, दुसऱ्यावर टिपरू. टिपरू काढून घे आणि नुसत्या थापेवर मिरवणूक काढून दाखव. मेन रोडवर लोक पाय ओढत चालतील.

खरी गोम अशी की 'बेस' या शब्दाचाच आपल्याकडे खून झालाय. बेस म्हणजे छातीत बसणारा धक्का. डीजेची भिंत आली की खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जातात, आणि पोरं म्हणतात काय बेस आहे! तो बेस नाही रे बाबांनो, तो हादरा आहे. बेस म्हणजे गाण्याच्या खालून चालणारी एक ओळ, तिला सूर असतो, चाल असते. ती ओळ कळायची तर टोला कधी पडला, बोट कुठून उचललं, तार कशी दाबली हे ऐकू यावं लागतं, आणि ही माहिती खालच्या हादऱ्यात नसते. मामा, आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस तू कशावर ऐकून शिकलास? ट्रान्झिस्टरवर! तळहाताएवढ्या त्या स्पीकरमधून ४१ कंपनं बाहेर पडणं शक्यच नाही. तुझ्या कानाने वरचे स्वर ऐकले आणि खालचा स्वर स्वतः जुळवला. कान तसं करतो, त्याचा तो गुणच आहे. (ट्रान्झिस्टरवर ऐकू येतात ते स्वर ट्विटरच्या पट्टीच्या बरेच खालचे, हे मला माहीत आहे. मुद्दा एवढाच की बेस फक्त तळात नसतो.)

आता जरा कंटाळवाणं, पण गरजेचं. पंधरा इंची कागदी पडदा वरच्या पट्टीत दोन गोष्टी करतो. एक तर तीन-चार हजारांच्या वर तो मानच टाकतो. दुसरं म्हणजे साधारण हजारच्या वर त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो, बाजूला पसरत नाही. आणि खोकं कुठे असतं? जमिनीवर, वाजवणाऱ्याच्या गुडघ्यामागे. गुडघ्यांना बेस स्पष्ट ऐकू येतो, कानांना नाही. मग तो अ‍ॅम्पचं ट्रेबलचं बटण पिळत जातो. स्पीकर जे काढूच शकत नाही ते बटण पिळून कसं निघणार? समोर पहिल्या रांगेतल्या काकांच्या कानात मात्र करवत चालू होते. लहान ट्विटर तोच आवाज चहूकडे पसरवतो.

"आठ ओहमचे चार होतील, अ‍ॅम्प जळेल" हा मामाच्या ऑर्केस्ट्रातल्या मित्राचा शेरा. नाही जळणार. ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, तो खालच्या कंपनांना आत येऊच देत नाही. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर साधारण ४२०० च्या वरचंच आत जातं. त्या पट्टीत मोठ्या स्पीकरचा अडथळा आपोआप वाढलेला असतो. दोघांची हद्द वेगळी, भांडण नाही.

मात्र ट्विटरची बदनामी झाली ती उगाच नाही, हेही सांगतो. नव्वदच्या दशकात झंकारच्या कॅसेटी आल्या, रिक्षांच्या मागच्या फळीवर चमचमणारे ट्विटर आले, आणि चांगल्या गाण्यांवर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज चढला. ते बहुतेक स्वस्तातले पिएझो ट्विटर. मीही आधी तोच आणला, स्वस्त पडला म्हणून. मोजून दहा मिनिटं ऐकवला, बेस चाललाय की भजी तळतायत कळेना. दुसरा नीट कॉईलवाला आणला, तो मामेभावाने अ‍ॅम्प पूर्ण पिळून पहिल्याच संध्याकाळी मारला. अ‍ॅम्प झेपेल त्यापलीकडे रेटला की लहरींचे माथे कापले जातात, त्यातून वरच्या पट्टीत नको तेवढी ताकद तयार होते, आणि ती सगळी त्या केसाएवढ्या तारेत जाते. तिसऱ्या वेळी वाटेत गाडीच्या दिव्याचा बल्ब घातला. जास्त ताकद आली की तो पेटतो, त्याचा अडथळा वाढतो आणि ट्विटर वाचतो. शिवाय आवाज कमी-जास्त करायला एक बटण. ट्विटर मोठ्या स्पीकरपेक्षा सहज सात-आठ डेसिबलने मोठा बोलतो, त्याला आवरलं नाही तर मामाचं घुंगरू खरं ठरतं.

खोक्याला हात लावायचा नाही ही मामाची अट होती. म्हणून हे सगळं मी एका छोट्या वेगळ्या पेटीत बसवलं आणि पेटी खोक्यावर ठेवली. रविवारी सकाळी परीक्षा. मामा गॅलरीकडे तोंड करून बसला, मामेभाऊ तीच ती चार मापं वाजवत राहिला, आणि मी मागे ट्विटर चालू-बंद करत होतो. मामाने फक्त सांगायचं, चालू की बंद.

दहापैकी चार वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

मी जिंकल्याच्या थाटात बोलणार होतो की बघ, तुला त्रास तर होत नाही ना? तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला, "अहो, आता परत चालू केलंय त्याने." तिला स्वयंपाकघरातून, कुकर चालू असताना कळत होतं. पुढच्या पाचही वेळा तिने बरोबर सांगितलं.

मामा काही बोलला नाही. वीस-पंचवीस वर्षं तो ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला उभा राहिला, झांजांपासून हातभर अंतरावर. वयाने सगळ्यांचंच वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं, त्यात हे. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. मीही म्हणत होतो, याच लेखाच्या पहिल्या खर्ड्यात दोनदा म्हटलं होतं. पण हेही खरं की कान धड होते तेव्हाही त्याचं मत हेच होतं, त्यामुळे माझा वाद मी मागे घेत नाही. फक्त त्या दिवशी पुढे बोलावंसं वाटलं नाही.

मग त्याने उठून गिटार मागितली. पेटी चालूच होती. त्याने ऑर्केस्ट्राच्या काळातली एक जुनी चाल धरली. आम्ही ती लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली. मामेभाऊ एकदम म्हणाला, "बाबा, थांब. हे मधेमधे काय वाजवतोस?"

दोन स्वरांच्या मधे मामा डाव्या हाताने तार नुसती झाकून उजव्या बोटाने ठोकत होता. सूर नाही, फक्त टक. प्रत्येक मापात दोनदा, ढोलावरच्या टिपरूसारखं. त्यामुळे ती साधी चाल अशी काही डुलत होती की विचारू नका. खोक्यातून ते कधी बाहेर आलंच नव्हतं. पंधरा इंची कागदाने इतकी वर्षं ते गिळलं होतं.

"हे कधी बसवलंस?" मी विचारलं.

"पहिल्यापासून आहे."

"आम्हाला कधी ऐकू नाही आलं."

"मला येत होतं," मामा म्हणाला.

ज्यांना बेसला ट्विटर म्हणजे चैन वाटते, नव्या पोरांचं खूळ वाटतं, त्यांनी माझ्याशी वाद घालावा, मी तयार आहे. चिंचवडचे काका फोन करणार हे गृहीत धरलंच आहे. पण आधी त्यांनी मामाकडे जाऊन ती चाल ऐकावी, एकदा पेटी बंद ठेवून आणि एकदा चालू करून.

खोक्याला अजून भोक पडलेलं नाही. करवत मी आणून ठेवली आहे. मामा म्हणतो गणपतीनंतर बघू. वरची पेटी मात्र काढू देत नाही, आणि परवा मामीला विचारत होता की ते बटण नक्की किती ठेवलं म्हणजे तिला बरं वाटतं. मामीने तिथे टिकलीने खूण करून ठेवली आहे.