बंद ट्रॅक्टरला टोचन लावण्याआधी अर्धा तास द्या



परतीचा पाऊस थांबला, वाफसा आला की हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुटते. मग खरिपाची पेरणी उरकून शेडला लावलेला ट्रॅक्टर आठवतो. चावी फिरवली, सेल्फ नुसता टकटक करतोय, की लगेच शेजारच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून टोचन! माझं मत स्पष्ट आहे: चार महिने उभं राहून इंजिनाचं होत नाही एवढं नुकसान आपण या घाईच्या दहा मिनिटांत करतो.

ही चूक मी स्वतः केलीय. उभा सायलेन्सर, वर झाकण नाही, शेडचा पत्रा गळका. पावसाचं पाणी सायलेन्सरमधून थेट सिलिंडरमध्ये उतरलेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. टोचन लावून क्लच सोडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन खोललं, खर्च झाला तो झालाच, पण वाफसा गेला तो परत आला नाही.

आता मी असं करतो. आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायर, पाइप कुरतडलेत का बघायचं. एअर क्लिनर खोलायचा, आत घरटं किंवा पाणी निघतंच. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं तर चावीला हात लावू नका, आत पाणी गेलंय. अर्ध्या टाकीत ओल धरून पाणी होतं आणि ते तळाशी बसतं. म्हणून फिल्टरखालचा बोल्ट सैल करून ते सोडायचं, मग एअर काढायची. बॅटरी चार्ज करून आणायची.

नंतर स्टॉपची दांडी ओढून पुलीच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचं. अडलं तर जोर नको, नोझल काढून बघा. मोकळं फिरलं तर स्टॉप ओढूनच दहा सेकंद सेल्फ मारा. महिनोन् महिने खाली उतरलेलं ऑईल तेवढ्यात वर चढतं. मग चालू करा. ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत रेस नको, आणि शेडचं दार उघडं ठेवा.

काही जण म्हणतात, "आम्ही दर आठवड्याला दोन मिनिटं चालू करतो." त्यानं इंजिन तापत नाही, आतली ओल तशीच राहते आणि सेल्फनं खाल्लेली बॅटरीसुद्धा भरून निघत नाही. चालू करायचाच तर इंजिन चांगलं तापेपर्यंत, अर्धा तास तरी चालवा.

आणि ट्रॅक्टर उभा करताना टाकी फुल, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा. डब्याला पैसे पडत नाहीत. माझा रॉड त्याच डब्यावाचून गेला.