पंच : एक लेखन, अनेक कुळे

भोपाळच्या पूर्वेस रायसेन रस्त्यावर वसलेल्या आनंद नगरात ‘पंच’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी कानी पडतो. कामावर येणाऱ्यांची हजेरी ‘पंच’ होते, फिटर लोखंडी पट्टीवर छिद्राची जागा ‘सेंटर पंच’ने खुणावतो, आणि रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या गावांत प्रभागातून निवडून आलेला सदस्यही ‘पंच’च असतो, कारण महाराष्ट्रात ज्याला ग्रामपंचायत सदस्य म्हणतात त्याला मध्य प्रदेशात ही जुनी संज्ञा आजही लावली जाते. पहिले दोन शब्द इंग्रजीतून आले आणि तिसरा संस्कृतातून. पण देवनागरीत तिन्हींचे लेखन एकच असल्याने ते एकाच मुळाचे असावेत, असा समज सहज होतो. एकाच शब्दाचा अर्थ फाकत जाऊन त्याला फांद्या फुटतात तेव्हा त्याला अनेकार्थता म्हणतात, आणि वेगवेगळ्या कुळांचे शब्द उच्चाराने सारखे होतात तेव्हा त्याला समरूपता म्हणतात. ‘पंच’ या छोट्या इंग्रजी शब्दात या दोन्ही गोष्टी घडलेल्या असल्यामुळे त्याची उकल करताना घाई चालत नाही.

इंग्रजी क्रियापदाचे मूळ जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘टोचणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत जाते. मराठीत रुळलेले ‘पंक्चर’ आणि ‘पॉइंट’ हे शब्द त्याच धातूचे असून, टोचणे हा समान अर्थ ध्यानात घेतला की त्यांचे नाते उघड होते. चौदाव्या शतकातील इंग्रजीत या क्रियापदाने ढोसणे, टोकदार काठीने गुरे हाकणे असा अर्थ सांगितला जाई. मुठीने ठोसा मारण्याचा अर्थ, जो आज मुष्टियुद्धामुळे सर्वांत ठळक वाटतो, त्यानंतर सोळाव्या शतकात आला. ठोशात टोक उरले नाही, पण झटक्याने पुढे जाण्याची क्रिया उरली, आणि अर्थाचा धागा तिनेच जोडून ठेवला.

शब्दाचा सर्वांत जुना अर्थ मात्र शब्दकोशापेक्षा कारखान्यात अधिक जिवंत राहिला आहे. आनंद नगराला लागूनच १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, परिसर आहे, आणि विजेची यंत्रे बनवण्याच्या उद्योगात पंचाशिवाय पान हलत नाही. मोटारीचा किंवा जनित्राचा गाभा अखंड लोखंडाचा नसतो. सिलिकॉनयुक्त पोलादाच्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, विद्युतरोधक लेप दिलेल्या पत्र्यांच्या चकत्या एकावर एक रचून तो तयार होतो. या चकत्या कापणाऱ्या साच्याचा वरचा, पत्र्यात घुसणारा भाग म्हणजे ‘पंच’ आणि खालचा, त्याला आत घेणारा भाग म्हणजे ‘डाय’. या दोहोंमधील फट पत्र्याच्या जाडीच्या काही टक्के इतकीच ठेवावी लागते, कारण ती वाढली किंवा पंचाची धार गेली की चकतीच्या कडेला ‘बर’ येतो, शेजारच्या दोन चकत्या त्या उंचवट्याने एकमेकींना टेकतात, आणि गाभ्यात निरुपयोगी प्रवाह फिरून तो तापू लागतो. सेंटर पंच त्याहून साधा असतो. त्याच्या नव्वद अंशांच्या टोकावर हातोडीचा एक घाव घातला की धातूवर खळगा पडतो आणि ड्रिलचे टोक जागेवरून सरकत नाही. टोचण्याची मूळ क्रिया येथे जशीच्या तशी दिसते. हजेरीच्या ‘पंच’मध्ये मात्र ती लोपली आहे: एके काळी घड्याळाच्या यंत्रात कार्ड घालून त्यावर वेळ उमटवत, आता बोट टेकवले किंवा चेहरा दाखवला तरी ‘इन पंच’ आणि ‘आउट पंच’ हेच शब्द चालतात.

दुसरे कूळ इटलीचे. तेथील लोकनाट्यातील पुल्चिनेल्ला या विदूषकाचे इंग्रजी रूप ‘पंच’ झाले, त्याच्या नावाने १८४१ मध्ये लंडनचे विनोदी साप्ताहिक निघाले, आणि हिंदुस्थानात लखनौचा ‘अवध पंच’, मुंबईचा ‘हिंदी पंच’, ठाण्याचा ‘हिंदू पंच’ अशी नावे घेणारी पत्रे निघाली. या नावांत इंग्रजी विदूषकाइतकाच न्यायनिवाडा करणारा देशी पंचही वाचकांना दिसत असणार. एकमेकांना परके असलेले दोन शब्द असे एका शीर्षकाखाली नांदू लागणे, ही त्या काळाची लक्षणीय भाषिक घटना आहे.

तिसरे कूळ पेयाचे, आणि तेथे मराठी वाचकाचा अभिमान जागा होतो. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य १६७२ नंतर पश्चिम किनाऱ्यावर वावरला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याजवळच्या नेरूलच्या उत्तम मद्यापासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच घटकांमुळे त्याला पाच या अर्थाचे देशी नाव मिळाले, असे सांगितले आहे. शब्द त्याआधीचा आहे. आंध्र किनाऱ्यावरील पेटापोलीच्या वखारीतील व्यापाऱ्याला १६३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात तो येतो. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने दारू, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस व साखर असे चारच घटक सांगितले, आणि पाचाच्या व्युत्पत्तीवर शंका घेणारे त्याचाच दाखला देतात.

हा आक्षेप दुबळा आहे. मराठीत पोलिसी पंचनाम्यासाठी कायद्याने किमान दोन पंच पुरतात आणि क्रिकेटच्या मैदानावरही दोनच पंच उभे असतात, तरी त्यांच्या नावातील पाच कोणी मोजत नाही. नाव एकदा रूढ झाले की संख्या गळते, हे पंचांनीच दाखवून दिले आहे. खरा आक्षेप उच्चाराचा आहे: सतराव्या शतकातील इंग्रजीत या शब्दातील स्वर आजच्यासारखा अकाराजवळचा नसून ऱ्हस्व उकाराजवळचा होता, आणि ‘पाच’ किंवा ‘पंच’ ऐकून इंग्रज खलाशाने उकार का उच्चारावा याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. दारूच्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्याचे हे संक्षिप्त रूप असावे, असा दुसरा तर्क त्यामुळेच टिकून आहे. भारतीय मूळ संभाव्य आहे, सिद्ध नाही. शालेय सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते निर्विवाद म्हणून छापणे गैर आहे.

निर्विवाद नाते वेगळेच आहे आणि ते अधिक जुने आहे. संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेंते’, लॅटिन ‘क्विंक्वे’ आणि इंग्रजी ‘फाइव्ह’ ही एकाच आदिम शब्दाची रूपे आहेत. म्हणजे गावच्या पंचाचा इंग्रजीतील सख्खा नातलग ‘फाइव्ह’ आहे, ठोसा किंवा छिद्र पाडणारे हत्यार नव्हे. मराठी शब्दकोशांनी म्हणून ‘पंच’ची नोंद एकत्र न करता लवाद, हत्यार व ठोसा, विदूषक आणि पेय अशा चार स्वतंत्र नोंदी द्याव्यात, आणि हत्याराच्या नोंदीत ‘पंच-डाय’, ‘सेंटर पंच’, ‘पंच करणे’ हे प्रयोगही घ्यावेत. भोपाळच्या पिपलानी-गोविंदपुऱ्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी कामगारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत.