पोंकाचा भाव

गेल्या पौषात एका रविवारी आम्ही उभयता सुंवालीला गेलो होतो. बडोद्याहून सुरत, तेथून हजिऱ्याच्या रस्त्याने इच्छापोर आणि मग समुद्राकडे. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. याच किनाऱ्यासमोर १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना हटविले, आणि १६१५ मध्ये सर टॉमस रो येथेच उतरला. जवळच एक घुमटी आहे. ती टॉम कोरियट नावाच्या भटक्या इंग्रजाची, असे परंपरेने सांगतात. अलेप्पोपासून अजमेरपर्यंत पायी आलेला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारलेला हा विक्षिप्त गृहस्थ. त्याची घुमटी पाहण्याची माझी जुनी हौस होती.

पण वाटेत इच्छापोरला पोंकाची भट्टी दिसली, आणि दिवस तेथेच नासला.

देशावरचा हुरडा तोच सुरतेचा पोंक. हुरड्याच्या ज्वारीची एक जात तर आपल्याकडे ‘सुरती’ म्हणूनच ओळखली जाते. कोवळी कणसे निखाऱ्यात भाजायची, ऊन आहेत तोच कापडात घालून काठीने बडवायची, पाखडायची; तेव्हा कोठे ते हिरवे दाणे हाती येतात. वर लिंबू-मिऱ्याची शेव. माझ्यापुढे फटफटीवरचा एक तरुण उभा होता. त्याने पाव किलोचे सव्वाशे दिले. मला त्याच पाव किलोचे दीडशे सांगितले.

मी कारण विचारले, अर्थात गुजरातीत. पोंकवाल्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि शांतपणे म्हटले, “साहेब, तमे बहारगामना लागो छो.”

बस्स! माझा आवाज एकदम तारसप्तकात गेला. आमच्या चार पिढ्या बडोद्यात झाल्या, वडील दरबारात सनई वाजवीत, असे मी त्या भर रस्त्यावर ऐकवू लागलो. सनईचा पोंकाशी संबंध काय, हे त्याने विचारले नाही ही त्याची सभ्यता. त्याने पुडा सोडला, पोंक पुन्हा राशीवर ओतला आणि “रेवा दो, साहेब” एवढेच म्हणाला.

“अहो, पंचवीस रुपयांसाठी?” गाडीत बसल्यावर सौ. म्हणाली. मग सुंवालीपर्यंत ती बोलली नाही.

पंचवीस रुपयांसाठी नव्हतेच ते. आदल्या रात्री सुरतेच्या हॉटेलात एका कप चहाचे साठ रुपये मी मुकाट्याने मोजले होते. तेथे छापील यादी होती ना! आपली सारी बाणेदार वृत्ती जागी होते ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासमोर. पण त्याहून खोल काही लागले होते. पुण्याला गेलो की आमच्या मराठीवरून ‘बडोद्याचे का?’ असे विचारतात. सुरतेला आमच्या गुजरातीवरून बाहेरगावचे ठरवितात. पोंकवाल्याने भाव वाढविला नसता, नुसते ते एक वाक्य उच्चारले असते, तरी मी बहुधा भांडलोच असतो.

घुमटीपाशी उभा राहिलो तेव्हा कोरियटचा हिशेब आठवला. अलेप्पोपासून मोगल दरबारापर्यंत दहा महिन्यांत आपला खर्च तीन पौंड झाला, असे त्याने घरी कळविले. आणि त्यातही दहा शिलिंगांना काही आर्मेनियनांनी आपल्याला फसविले, ही तक्रार जोडायला तो विसरला नाही. एवढी पायपीट, एवढे मुलूख, आणि मनात दहा शिलिंग! मला हसू आले, ते लगेच ओसरलेही.

कारण माझा स्वतःचा हिशेब काय आहे? दूरध्वनीवरून शिकणारी एक मुलगी अमेरिकेत आहे. तिच्याकडून मी फतेपुऱ्यातल्या मुलाच्या चौपट फी घेतो. शिकवितो तोच यमन. वडिलांच्या वाट्याला दरबारची सेवा आली ती अगदी अखेरच्या दिवसांत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारात पगार ठरलेला होता. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर मात्र पेढीवाल्याच्या घरचे लग्न असले की ते दुप्पट बिदागी सांगत, आणि गल्लीतल्या भजनाला नारळावर वाजवीत. तोंड पाहून भाव सांगणे आमच्या घरात अधर्म मानलेच नव्हते. माझे मत विचाराल तर ते अधर्म नाहीही. मात्र तो भाव लपवू नये, विचारल्यास कारण सांगावे. आणि इच्छापोरच्या त्या माणसाने लपविले काय होते? माझ्यादेखत सव्वाशे घेतले, कारणही सांगितले. कारणच मला रुचले नाही.

परतताना इच्छापोरला दिवेलागण झाली होती. भट्टी अजून पेटलेली होती. सौ.ने गाडी थांबवायला लावली आणि मला बसवून एकटीच उतरली. ती काय बोलली ते दुरून ऐकू आले नाही. दोघे हसली एवढे दिसले. अर्धा किलो पोंक घेऊन ती परत आली. भाव तिने सांगितला नाही, मीही विचारला नाही. पुड्यात शेव जरा जास्तच होती.