लेबलसक्तीचे परिपत्रक आणि आपण

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच तक्रार आहे: वरून आलेले लेबलसक्तीचे परिपत्रक. क्लाउडचा खर्च विभागवार कळत नाही म्हणून वित्त विभाग फर्मान काढतो, सोबत एक्सेलचा तक्ता जोडतो आणि क्लस्टर सांभाळणाऱ्यांना महिनाअखेरची मुदत देतो. हिशेब मागण्याला आमची हरकत नाही. तक्ता करणाऱ्याने कुबरनेटीज जाणणाऱ्या एकालाही विचारलेले नसते, याला आहे.

रकाने पाहा. मालकाचा ईमेल, तिरक्या रेघांसकट खर्चकेंद्राचा क्रमांक, प्रकल्पाचे संपूर्ण नाव. लेबलच्या व्हॅल्यूला मर्यादा 63 कॅरेक्टरची. त्यात रोमन अक्षरे, आकडे, डॅश, अंडरस्कोर आणि टिंब एवढेच बसते. ईमेलमधले ॲटचे चिन्ह, तिरकी रेघ, मोकळी जागा, देवनागरी, यांतले काहीच चालत नाही. एपीआय सर्व्हर मॅनिफेस्ट नाकारतो. मुदत डोक्यावर असते, म्हणून एक टीम रेघेच्या जागी डॅश टाकते, दुसरी अंडरस्कोर, तिसरी रेघ गाळूनच टाकते. एकाच खर्चकेंद्राची तीन नावे होतात आणि ज्या अहवालासाठी एवढा खटाटोप केला तोच चुकतो.

याहून महागात पडते ते पुढे. घाईत कस्टमाइझच्या कॉमनलेबल्समध्ये खर्चकेंद्र टाकले, की ते सिलेक्टरमध्येही जाऊन बसते. डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर नंतर बदलता येत नाही. एप्रिलमध्ये खर्चकेंद्रांची फेररचना झाली, की चालू डिप्लॉयमेंट काढून नव्याने उभी करायची. हिशेबाच्या एका नोंदीपायी सेवा बंद पाडण्याची ही वेळ कुणावरही येऊ नये.

आपल्यातल्या ढिलाईबद्दलही बोललेच पाहिजे. एकाच क्लस्टरवर ‘प्रॉड’, ‘पीआरडी’ आणि ‘प्रॉडक्शन’ सुखाने नांदतात, आणि त्यावर कुणी ‘नॉटइन प्रॉड’ लावून डिलीट चालवतो. ‘नॉटइन’मध्ये ती की मुळात नसलेले पॉडही येतात, हे अनुभवी मंडळींनाही आठवत नाही. डिलीटआधी तोच सिलेक्टर ‘गेट’ला लावून यादी वाचायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा मित्रहो, रडगाणे पुरे. परिपत्रकाला लेखी उत्तर द्या. ज्यावरून खरोखर निवड किंवा गटवारी करायची तेवढ्याच चार-पाच की लेबलमध्ये ठेवा आणि प्रत्येकीच्या मान्य व्हॅल्यूंची यादी जोडा. ईमेल, लांबलचक नावे, मंजुरीचे क्रमांक ॲनोटेशनमध्ये घाला. कस्टमाइझमध्ये कॉमनलेबल्सऐवजी ‘लेबल्स’ वापरा. ते सांगितल्याशिवाय सिलेक्टरला हात लावत नाही. तपासणी माणसांवर सोडू नका. व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी 2024 मध्ये, 1.30 आवृत्तीपासून स्थिर झाली आहे. त्यासाठी वेगळा वेबहूक सांभाळावा लागत नाही. आधी काही आठवडे ती फक्त इशाऱ्यावर ठेवा, मग नकारावर न्या.

ज्यांनी असे उत्तर दिले असेल त्यांनी आपला मसुदा येत्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवावा. संस्थेचे नाव वगळून पुढच्या अंकात छापू, म्हणजे पुढचे परिपत्रक आलेल्यांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.