गळती छताची, वाद मजल्यांचा
प्रतिनिधी, मुंबई

पावसाने जोर धरला की मुंबई-ठाण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत एकाच आशयाच्या अर्जांची भर पडू लागते. छताला ओल आली आहे, रंगाचे पोपडे सुटले आहेत, वरच्या सदनिकाधारकास समज द्यावी, अशी मागणी त्यांत असते. वरचे कुटुंब आरोप फेटाळते, समिती दोन्ही पक्षांना पत्रे धाडते आणि पाणी ठिबकतच राहते. या कटुतेमागे शेजाऱ्यांच्या स्वभावापेक्षा चुकीच्या निदानाचा वाटा मोठा असतो. गळतीचा उगम ठरण्याआधीच दोषी ठरवला जातो.

डाग एकीकडे, उगम दुसरीकडे

पाणी दिसते तेथूनच ते आले, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी चिरा, सांधे आणि विजेच्या तारांच्या नळ्या यांतून सोपी वाट काढत काही फूट दूर जाऊन बाहेर पडू शकते. पंख्याच्या हुकापाशी टपकणारे पाणी स्नानगृहातून आलेले असण्याची शक्यता त्यामुळेच नाकारता येत नाही. अशा ठिकाणी त्या भागाचा वीजप्रवाह बंद करणे हे पहिले काम. बाकीचा शोध नंतरचा.

अनेक इमारतींत स्नानगृह व शौचालयाखालील स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. न्हाणी ट्रॅपभोवतीचा सांधा सैल झाला किंवा लाद्यांच्या फटींतील सिमेंट निघाले, की पाणी या भरावात साचते. वरचा नळ दोन दिवस बंद ठेवला तरी साचलेले पाणी खाली झिरपत राहते. ‘पाणी बंद करूनही गळते, म्हणजे दोष आमचा नव्हे,’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा ठरतो.

घड्याळाची साक्ष

गळतीच्या जागेपेक्षा तिची वेळ अधिक बोलकी असते. बारा महिने, अहोरात्र एकाच गतीने ठिबकणारे पाणी पुरवठ्याच्या नळीकडे बोट दाखवते, कारण त्या नळीत दाब कायम असतो. वरच्या सदनिकेचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवल्यावर थेंब मंदावले, तर संशय बळावतो. सकाळी आंघोळीच्या वेळी वाढून दुपारी ओसरणारी गळती सांडपाण्याच्या नळीची किंवा न्हाणी ट्रॅपची असण्याचा संभव अधिक. ऐन उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर ठराविक वेळीच ओल वाढत असेल, तर गच्चीवरील टाकी भरून वाहते काय, हे पाहिले पाहिजे.

केवळ पावसाळ्यात होणाऱ्या गळतीतही फरक असतो. वाऱ्यासह आलेल्या सरीने काही मिनिटांत भिंत भिजली, तर बाहेरील गिलाव्याच्या चिरा आणि खिडकीची चौकट तपासावी. संततधारेनंतर काही तासांनी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही टिकणारी गळती बहुधा गच्चीच्या कोब्यातून येते.

संशय पक्का करण्याच्या चाचण्या साध्या आहेत. गच्चीवरील किंवा स्नानगृहातील पाण्याची वाट बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवावे, नाल्यांत रंगीत पाणी सोडावे. मात्र एका वेळी एकच जागा तपासावी. दोन ठिकाणी एकदम पाणी सोडले, तर निष्कर्षच हाती लागत नाही.

खर्च कोणाचा?

हे निदान खर्चाच्या वाटणीसाठीही निर्णायक आहे. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच सामाईक बाह्य नळ्या व सांडपाणी वाहिन्यांची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. शौचालय, मोरी यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा भार संबंधित सदनिकाधारकावर पडतो. नव्या इमारतींसाठी २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाचा आधार आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांच्या आत विनामोबदला दूर करणे बंधनकारक आहे. तक्रार तोंडी न ठेवता दिनांकासह लेखी देणे त्यामुळे महत्त्वाचे.

व्यवहारात मात्र निदान बहुधा तोच करतो, ज्याला जलरोधनाचे काम हवे असते. साहजिकच प्रत्येक डागावर संपूर्ण गच्चीचा किंवा स्नानगृहाच्या सगळ्या लाद्यांचा उतारा सुचवला जातो. लाखोंचा खर्च होतो आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो.

विलंबाची किंमत याहून मोठी आहे. ओल लोखंडी सळयांपर्यंत पोहोचली की त्या गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने काँक्रीट फुटते आणि छताचे तुकडे कोसळू लागतात. भांडणात गेलेला प्रत्येक पावसाळा इमारतीचे आयुष्य कमी करतो.

यावर उपाय समितीच्याच हाती आहे. तक्रारदाराने आठवडाभर गळतीच्या वेळा नोंदवाव्यात, समितीने पूर्वसूचना देऊन दोन्ही सदनिकांची पाहणी करावी आणि ठेकेदारीशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून, दोन्ही कुटुंबांच्या देखत, चाचण्या करवून घ्याव्यात. त्याचे शुल्क दुरुस्तीच्या खर्चापुढे अल्प असते. दरपत्रके त्यानंतर मागवावीत. आज बहुतेक ठिकाणी ती आधी येतात.